वाय दाबण्याआधी

काल रात्री पावणेबाराला तुझा फोन वाजला तेव्हा तुझे भाऊजी दचकून उठून बसले. रात्रीचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, आपल्या घरांत त्याचा दुसरा अर्थच नसतो. मी म्हटलं, "झोपा हो, कोणी गेलं नाही, सर्व्हर पडलाय." ते पुन्हा आडवे झाले. मला मात्र नंतर झोप लागली नाही. तुझं पहिलंच वाक्य कानात राहिलं होतं, "ताई, मी वाय दाबलं गं."

रात्री फक्त साइट उभी करायची होती, म्हणून जास्त बोलले नाही. आज रविवार आहे, चहा झालाय, आई देवळात गेलीय. तेव्हा जरा बस माझ्याजवळ. रागावणार नाही. रागवायला तोंडच नाही मला, कारण हेच मी केलंय, आणि तुझ्यापेक्षा वाईट वेळेला केलंय.

ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. एका पुस्तकविक्रेत्याचं ऑनलाइन दुकान मी सांभाळत होते. दिवाळी अंकांचे दिवस, म्हणजे त्यांचा वर्षभराचा धंदा त्या तीन आठवड्यांत. सर्व्हर डेबियन १० वर होता आणि ऑगस्टमध्ये डेबियन ११ आलं होतं. शहाण्या माणसाने दिवाळी होऊ दिली असती. मला वाटलं, रात्रीचं करून टाकू, सकाळी कोणाला कळणारही नाही. केलं. सगळं व्यवस्थित पार पडलं, साइट चालत होती. शेवटी ॲप्टने नेहमीची ओळ दाखवली, की अमुक अमुक पॅकेजांची आता गरज नाही, हवं तर ऑटोरिमूव्हने काढून टाका. दिवाळीच्या तोंडावर साफसफाईचं वारं डोक्यात होतंच. काढलं सगळं. वाय दाबलं आणि झोपले.

सकाळी सातला मालकांचा फोन. "मॅडम, दुकान उघडत नाहीये, त्याऐवजी एक फाइल डाउनलोड होतेय." माझ्या पोटात खड्डाच पडला, कारण ती फाइल कोणती ते मला पाहिल्याशिवाय कळलं. अपाचेकडे पीएचपी चालवणारं मॉड्यूलच उरलं नव्हतं. मग अपाचे बिचारा करणार काय? पीएचपीची फाइल मागितली तर ती चालवून पान द्यायचं सोडून तो फाइलच उचलून देत होता, आतल्या कोडसकट. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत होता तीसुद्धा कोणी मागितली असती तर मिळाली असती. सात तास दुकानाची तिजोरी रस्त्यावर उघडी होती म्हण ना.

झालं काय होतं, ते मला दुपारी सापडलं. डेबियन १० मध्ये पीएचपी ७.३ होतं, ११ मध्ये ७.४. अपग्रेडमध्ये ७.४ चं मॉड्यूल बसलं, पण जुनं ७.३ चालू आहे असं दिसल्यामुळे नव्याने स्वतःला चालू केलं नाही. आणि तसं त्याने स्पष्ट सांगितलंही होतं, एका ओळीत: पीएचपी ७.३ आधीच चालू आहे, म्हणून ७.४ चालू करत नाही. ती ओळ शेकडो ओळींच्या गर्दीत वर सरकून गेली. मग मी ऑटोरिमूव्ह चालवलं, ७.३ गेलं, आणि ७.४ कोपऱ्यात बसूनच राहिलं. दुरुस्तीला दोन कमांड लागल्या, मॉड्यूल चालू करायचं आणि अपाचे रीस्टार्ट करायचा. पासवर्ड बदलणं, लॉग चाळून कोणी काय उचलून नेलं ते बघणं आणि मालकांना खरं काय ते सांगणं, यात मात्र अख्खा दिवस गेला.

हे सगळं व्हार-लॉग-ॲप्टमध्ये टर्म डॉट लॉग नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं बरं का. स्क्रीनवरून सरकून गेलेली प्रत्येक ओळ तिथे जशीच्या तशी मिळते. शेजारच्या हिस्टरी डॉट लॉगमध्ये कोणती कमांड कधी दिली आणि काय आलं, काय गेलं याची नोंद असते. नवी पोरं अडचण आली की आधी गूगल उघडतात. तू आधी या दोन फाइली उघडत जा. आपल्या घरात काय झालं ते शेजाऱ्याला विचारायला कशाला जायचं?

ती गोष्ट तिथेच संपली नाही. दोन दिवसांनी मालक म्हणाले, पुस्तकांच्या नावांच्या शेवटी काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह दिसतंय. ही चूक मात्र आपल्या भाषेमुळे उघडी पडली, म्हणून मला ती आवडते. इंग्रजी दुकान असतं तर महिनोन्महिने कळलं नसतं. बघ, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. पीएचपीच्या साध्या फंक्शनला लांबी विचारलीस तर ते पंधरा सांगतं. एमबीस्ट्रिंगवालं पाच सांगतं. आणि आपण शाळेत मोजायचो तशी तीन अक्षरं हवी असतील तर ते आयएनटीएल नावाच्या तिसऱ्याच एक्स्टेन्शनला विचारावं लागतं. दुकानाच्या कोडमध्ये आधीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं, की एमबीस्ट्रिंग असेल तर ते वापरा, नसेल तर साध्या फंक्शनने नाव साठावर कापा. साठ बाइट म्हणजे बरोबर वीस चिन्हं, पण मध्ये एक मोकळी जागा आली की ती एकाच बाइटची. तिथून हिशेब चुकतो आणि सुरी अक्षराच्या मधोमध पडते.

एमबीस्ट्रिंग गेलं कुठे? गेलं नव्हतंच. मूळ बसवणाऱ्याने पॅकेजचं नाव आकड्यासकट टाइप केलं होतं, पीएचपी ७.३ एमबीस्ट्रिंग. ते ७.३ चंच होतं आणि ७.३ चंच राहिलं. नव्या पीएचपीला ते मिळावं असं कोणी सांगितलंच नव्हतं. त्याऐवजी नुसतं पीएचपी-एमबीस्ट्रिंग असं बिनआकड्याचं नाव दिलं असतं, तर ते नावापुरतं पॅकेज असतं, त्याच्या पोटात एवढंच लिहिलेलं असतं की या डेबियनची जी चालू आवृत्ती असेल तिचं एमबीस्ट्रिंग आण. अपग्रेडच्या वेळी ते आपोआप नव्याला घेऊन आलं असतं. आकड्याचं नाव केव्हा द्यायचं? एकाच मशीनवर दोन पीएचपी मुद्दाम नांदवायचे असतील तेव्हा. एरवी बिनआकड्याचं.

आता तुझ्याकडे येते. तू का केलंस ते मला कळलंय. साहेबांनी तपासणीचा अहवाल पुढ्यात टाकला, त्यात लाल अक्षरात लिहिलं होतं की एनजिनएक्स १.२२.१ जुना आहे, धोकादायक आहे. तुझा सर्व्हर डेबियन १२ चा. त्यात एनजिनएक्स १.२२.१ च मिळतो. डेबियन १३ मध्ये १.२६ आहे. मग तू सोर्सेसच्या फाइलीत १३ ची ओळ घातलीस आणि एनजिनएक्स इन्स्टॉल म्हणालीस. बरोबर ना? मान हलवू नकोस नुसती, हो म्हण.

त्यात तुझी चूक अर्धी आणि अहवालाची अर्धी. हे तपासणीचे प्रोग्रॅम बहुतेक वेळा नुसता आकडा वाचतात. आणि डेबियन, रेड हॅट, उबुंटू यांच्या दुनियेत नुसता आकडा वाचून काही कळत नाही. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण तुला सांगते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड आलं. ओपनएसएसएलमधली अशी चूक, की बाहेरचा कोणीही सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे मागून घेऊ शकत होता, त्यात पासवर्ड निघाले असते, खासगी किल्ल्या निघाल्या असत्या. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत ती चूक होती, १.०.१जी मध्ये दुरुस्त झाली. सगळीकडे एकच ओरड, जी बसवा, जी बसवा. डेबियन ७ मध्ये काय होतं? १.०.१ई. त्यांनी जी आणलं का? नाही. ई तसंच ठेवलं, दुरुस्तीचा तेवढा तुकडा त्यात शिवला आणि नावाच्या शेवटी आपली खूण जोडली, डेब ७ यू ५. म्हणजे आकडा जुना, पण आतून दुरुस्त. ज्यांनी नुसतं ई वाचलं ते घाबरले आणि काहींनी कुठून तरी जी आणून सोर्समधून बांधलं. ते बांधलेलं पुढच्या चुकीच्या वेळी दुरुस्त करायला कोणी आलं नाही, कारण त्याचा वाली कोणीच नव्हता.

याला बॅकपोर्ट करणं म्हणतात, आणि स्टेबल म्हणजे काय ते यावरून कळतं. मलाही पहिली काही वर्षं वाटायचं, की स्टेबल म्हणजे कधीच न बिघडणारं. तसं नाही. स्टेबल म्हणजे न बदलणारं. वागणूक तीच ठेवायची आणि भोक तेवढं बुजवायचं. म्हणून अहवालात आकडा लाल दिसला, तर त्यात दिलेला सीव्हीई क्रमांक घे, डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर टाक, तुझ्या आवृत्तीसमोर काय लिहिलंय ते बघ. किंवा ॲप्ट चेंजलॉग एनजिनएक्स म्हण आणि त्यात तो क्रमांक शोध. सापडला तर तोच उत्तरात लिहून साहेबांना पाठव. साहेबांनाही फाइलीत लावायला कागदच हवा असतो, नवा एनजिनएक्स नको असतो. नाही सापडला, तर तेव्हा बोलू.

बरं, ती १३ ची ओळ. ती घातल्याने काय झालं, ते नीट बघ, कारण खरी गंमत इथे आहे. तुला हवं होतं एक पॅकेज. पण १३ मधला एनजिनएक्स १३ च्या सी लायब्ररीवर बांधलेला. १२ ची जीलिबसी २.३६ आहे, १३ ची २.४१. मग त्याने नवी जीलिबसी मागितली. आणि जीलिबसी म्हणजे घरातली कर्ती बाई. तिच्यावर सगळ्यांचं चालतं, ती बदलली की स्वयंपाकघरापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं हलतं. शिवाय तू प्राधान्य काहीच लिहून ठेवलं नव्हतंस. मग ॲप्टच्या लेखी १२ आणि १३ दोन्ही ५०० गुणांचे, आणि गुण सारखे असले की तो मोठा आकडा उचलतो. तू त्या एका पॅकेजपुरतं म्हणून ओळ घातलीस, पण ती त्याने सगळ्यांसाठी वाचली. पुढच्या साध्या अपग्रेडलाही निम्मा सर्व्हर १३ मध्ये जाऊन बसला असता. ॲप्ट-कॅशे पॉलिसी एनजिनएक्स असं म्हटलं असतंस तर हे सगळं दिसलं असतं, कोणतं कुठून येणार आणि कोणाला किती गुण. मी तर कुठल्याही अनोळखी सर्व्हरवर लॉगिन झाले की पहिल्यांदा हीच कमांड देते, नुसती, पॅकेजचं नाव न देता. कुठकुठल्या रेपोंच्या ओळी घातल्या आहेत ते लगेच कळतं. सोयरीक जुळवताना माणसं आधी घराणं विचारतात, तसंच हे.

डेबियनवाल्यांनी या भेसळीला नावही ठेवलंय, फ्रँकनडेबियन. त्यांच्या विकीवर खास पान आहे, डेबियन मोडू नका या नावाचं. तुला वाचायला लावणार आहे मी ते.

आणि एनजिनएक्स उठला का नाही? ते वेगळंच. तुझ्या आधी तिथे जो होता त्याने एक मॉड्यूल स्वतः बांधून ठेवलं होतं, १.२२.१ साठी. एनजिनएक्समध्ये २०१६ पासून मॉड्यूल बाहेरून जोडता येतं, पण ज्या एनजिनएक्सवर ते बांधलं त्याच्याशीच ते जुळतं. डेबियनने स्वतः दिलेली मॉड्यूलं असती तर अडचण आली नसती. ती आपल्या पोटात लिहून ठेवतात, की आमची गाठ या एनजिनएक्सच्या या एबीआयशी बांधलेली आहे. ॲप्टने ते वाचलं असतं आणि तुला आधीच अडवलं असतं. हाताने बांधलेल्याची नोंद कुठेच नसते. ॲप्टला ते दिसतच नाही. म्हणून काल रात्री मी तुला लोड मॉड्यूलची ती ओळ बंद करायला सांगितली, एनजिनएक्स डॅश टी करून बघायला सांगितलं आणि मग सुरू करायला. ती डॅश टी कमांड अंगवळणी पाड. कॉन्फिग तपासल्याशिवाय रीस्टार्ट करायचं नाही, मग कोणी कितीही घाई लावो.

हाताने बांधायचंच नाही असं मी म्हणत नाही. कधी इलाज नसतो. पण बांधलंस तर कुठे बांधलं, कशावर बांधलं, का बांधलं, ते रूटच्या घरात एका साध्या फाइलीत लिहून ठेव. तुझ्यानंतर जी येईल तिच्या ताईलाही रात्री झोपू दे.

हं, वाय दाबण्याबद्दल. ॲप्ट विचारतो तेव्हा मोठ्या लिपीतला वाय आणि छोटा एन दाखवतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी हो. त्याच्या वर चार-पाच परिच्छेद असतात आणि आपण ते वाचत नाही, कारण ते रोज असतात. सगळे वाचू नकोस, मीही वाचत नाही. फक्त काढल्या जाणाऱ्या पॅकेजांचा परिच्छेद वाच. तिथे एक जरी नाव असेल तर हात कीबोर्डवरून उचल. नव्या येणाऱ्यांनी क्वचितच घात होतो, घात करतात ती जाणारी. २०२१ मध्येच लिनस सबॅस्टियन नावाच्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर गेमसाठी स्टीम बसवायला घेतलं. ॲप्टने सांगितलं की यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, आणि त्याच्याकडून "येस, डू ॲज आय से" हे अख्खं वाक्य टाइप करून घेतलं. त्याने ते इमानदारीत टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. जगभर हसले लोक. मला नाही हसू आलं, माझं ऑटोरिमूव्ह तेव्हा जेमतेम महिन्याभराचं जुनं होतं. आता डेबियन १३ मधला ॲप्ट काढल्या जाणाऱ्या नावांना लाल रंग देतो. तुझा १२ चा होता, त्याच्यात ते नव्हतं, एवढी सूट तुला देते.

मला विचारशील तर ॲप्ट-गेटला डॅश एस लावून आधी रंगीत तालीम करायची. तो फक्त सांगतो, करत काही नाही. ती यादी एका फाइलीत घे, चहा करून ये, परत वाच. मी हे अजूनही करते. ऑफिसातली मुलं हसतात.

डेब फाइल कुठून तरी उतरवून डीपीकेजीने बसवणं, हा दुसरा मोह. एका गिऱ्हाइकाच्या बिलांच्या पीडीएफसाठी डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ लागायचं. त्याची तयार डेब फाइल उबुंटू २०.०४ साठी बनवलेली, तिला ओपनएसएसएल १.१ हवं. उबुंटू २२.०४ मध्ये आहे ३.०. आमच्यातल्या एका शहाण्याने काय करावं? लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३ ला सिमलिंक करून तिचं नाव डॉट १.१ ठेवलं. अगं, ते नाव म्हणजे वचन असतं! एसओनंतरचा आकडा बदलला, म्हणजे लायब्ररी बनवणारे सांगत असतात की आता आमची फंक्शनं पूर्वीसारखी नाहीत, जुन्यांनी आमच्या भरवशावर राहू नका. नाव बदललं म्हणून आतली बाई बदलत नाही. तो प्रोग्रॅम अर्थातच चालला नाही, पण महिन्याभराने दुसराच एक प्रोग्रॅम ती खोटी लायब्ररी उचलून पडायला लागला आणि ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. त्या पीडीएफवाल्या प्रकल्पाचं कामही पुढे २०२३ मध्ये थांबलं. योग्य उत्तर होतं दुसरं साधन शोधण्याचं, आणि ते शेवटी शोधलंच. कोणता प्रोग्रॅम कोणती लायब्ररी मागतो ते एलडीडीने दिसतं, आणि "नॉट फाउंड" दिसलं तर सिमलिंक हे उत्तर कधीच नसतं. कधीच नाही.

बाहेरचा रेपो घ्यावाच लागला तर? लागतो कधी कधी. डेबियन १२ वर पीएचपी ८.२ आहे आणि गिऱ्हाइकाचा जुना कोड ७.४ शिवाय हलत नाही, असं होतंच. तेव्हा ओंद्रेय सुरी यांचा रेपो घे. ते डेबियनमधल्या पीएचपीचेही सांभाळकर्ते आहेत, त्यामुळे घराणं एकच. त्यांची पॅकेजं आवृत्तीवार वेगळी बसतात, ७.४ आणि ८.२ शेजारी शेजारी नांदतात. दोन्हींचं एफपीएम घ्यायचं, प्रत्येकाचं सॉकेट वेगळं, आणि कोणत्या साइटने कोणाच्या दारात जायचं ते वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये सांगायचं. अपाचेच्या आत पीएचपी कोंबायची ती जुनी पद्धत सोड. तिच्यासाठी अपाचेला प्रीफोर्कवर राहावं लागतं, प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस, मग मेमरी कमी पडते म्हणून आपण गिऱ्हाइकाला मोठं मशीन घ्यायला लावतो. पण ७.४ बद्दल मनाशी हिशेब ठेव. मूळ पीएचपीवाल्यांनी त्याला २०२२ च्या नोव्हेंबरात निरोप दिला. तू वेळ उसना घेतेयस, हे गिऱ्हाइकाला लेखी कळव.

ही निरोपाची तारीख ना, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सेंटओएस ७ दहा वर्षं चाललं आणि ३० जून २०२४ ला संपलं. संपल्यावर त्याच्या मिररची यादी देणारा पत्ताही बंद झाला, आणि यम अपडेट म्हटलं की नुसत्या चुका. मग लोक जागे झाले. त्यावर जीलिबसी २.१७, नोड १८ ला हवी २.२८. आता कुठून आणणार? सेंटओएस ८ चं तर विचारूच नकोस. २०१९ मध्ये आलं, लोकांनी २०२९ च्या भरवशावर बसवलं, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस बंद. तेव्हा रॉकी आणि अल्मा जन्माला आले. आई कालनिर्णयावर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते ना? तशी तू प्रत्येक सर्व्हरच्या डेबियनची, पीएचपीची, डेटाबेसची शेवटची तारीख लिही. भिंतीवर. कॅलेंडरच्या ॲपमध्ये नाही, ते आपण पुढे ढकलतो.

होल्ड लावण्याची सवयही बघून कर. ॲप्ट-मार्क होल्डने एखादं पॅकेज अडवून ठेवता येतं, आणि ऐन हंगामात ते बरंही पडतं. पण लावलेलं होल्ड आपण विसरतो. मग वर्षभराने ॲप्ट म्हणतो, तुमच्याकडे अडवलेली मोडकी पॅकेजं आहेत, आणि आपण म्हणतो, मी कुठे काय अडवलं? ॲप्ट-मार्क शोहोल्डने यादी दिसते. महिन्यातून एकदा बघ.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. लायब्ररी अपडेट झाली म्हणजे काम झालं असं नाही. चालू असलेला एनजिनएक्स जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसलेला असतो. डिस्कवर नवी, मेमरीत जुनी, आणि आपण निश्चिंत. नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज बसव, ते सांगतं कोणाला उठवून पुन्हा बसवायला हवं. हार्टब्लीडच्या वेळी किती सर्व्हर दुरुस्ती करूनही कोणी रीस्टार्ट न केल्यामुळे उघडे राहिले असतील, देव जाणे.

डॉकरचं विचारणार तू, मला माहीत आहे. वापर की. पण त्या इमेजच्या पोटात बहुतेक वेळा तेच डेबियन असतं, आणि त्याला अपडेट करायला कोणी जात नाही, कारण ते डब्यात बंद आहे. डब्यातलीही भाजी शिळी होतेच. पायथनचं मात्र एक ऐक. सर्व्हरच्या पायथनमध्ये पिपने काही कोंबू नकोस. डेबियन १२ पासून तो स्वतःच अडवतो, हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं म्हणतो, आणि लोक ब्रेक सिस्टिम पॅकेजेस असं स्पष्ट लिहिलेला पर्याय देऊन पुढे जातात. नावातच मोडा म्हटलंय, तरी. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट काढ, दोन मिनिटांचं काम आहे.

परवा तू म्हणालीस, डेबियन म्हातारं आहे, सगळं दोन वर्षं मागे. म्हातारपणाचा फायदा सांगते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका पोस्टग्रेस डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि सापडलं की एक्सझेड नावाच्या, दाबून फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये. आता एसएसएचला फाइल दाबणाऱ्या लायब्ररीचं काय काम? थेट काहीच नाही. काही डिस्ट्रोंनी एसएसएचला सिस्टिमडीच्या लायब्ररीशी जोडलं होतं आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागायचं. मावशीच्या जावेच्या भावाने घरात चोर आणावा तसं. सगळ्यात नवं घेणाऱ्यांच्या घरी तो पोचला होता. डेबियन स्टेबलपर्यंत आलाच नव्हता. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा तरी ॲप्ट-कॅशे डिपेंड्स चालवून एखाद्या पॅकेजचा गोतावळा बघत बसते. तुझे भाऊजी म्हणतात, बायका मालिका बघतात, तू हे बघतेस.

आता तुझ्या सर्व्हरचं. तो चालतोय म्हणून तसाच ठेवायचा, असं मनात आणू नकोस. तो आता धड १२ नाही, धड १३ नाही, आणि जीलिबसी मागे नेण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नकोस, त्यात मशीन जातं. सोमवारी साहेबांकडून एक नवं मशीन मागून घे. त्यावर कोरं डेबियन १३ बसव, कारण आज नवं बसवायचंच तर शेवटची तारीख लांबची असलेलं बसवावं. त्यात पीएचपी ८.४ येईल, तुमचा कोड आता ८.२ वर आहे, म्हणजे तिथे कोड चालवून एरर लॉग दोन दिवस वाचावा लागेल. मराठी मजकूर असलेली पानं आधी उघड, चुका तिथे लवकर दिसतात. पॅकेजांची नावं जुन्या मशीनवरून ॲप्ट-मार्क शोमॅन्युअलने काढ, म्हणजे माणसाने स्वतः मागितलेली तेवढीच येतील, बाकीचा गोतावळा ॲप्ट आणेल. त्या यादीत आकडे असलेली नावं दिसली की माझी आठवण काढ. ईटीसीकीपर पहिल्याच दिवशी बसव, म्हणजे कॉन्फिगमध्ये कोणी काय बदललं त्याचा इतिहास राहील. त्या हाताने बांधलेल्या मॉड्यूलचं नाव मला पाठव, मला शंका आहे की ते आता डेबियनमध्ये आयतं मिळतं.

आणि साहेब विचारतील कशाला हवं नवं मशीन, तर काय झालं ते खरं सांग. मी पुस्तकवाल्या मालकांना सांगितलं होतं, तिजोरी सात तास उघडी होती म्हणून. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं. चोरी झाली का?" मी म्हटलं, लॉगवरून तरी नाही. "मग दिवाळी होऊ द्या," म्हणाले, "तोवर कशाला हात लावू नका." अजून त्यांचं दुकान माझ्याकडेच आहे.

आई आली बघ. तो टर्म डॉट लॉग मला मेल कर आत्ताच, जेवायच्या आधी. कालचा पूर्ण. कापून नको पाठवूस.